कोणत्या तापमानाला?

४ फेब्रुवारी

मॅडम,

आधी "आई" लिहिलं होतं, मग कागद फाडला. घटस्फोटाचे कागद काढून पुन्हा वाचले. त्यात तुमच्या मुलाशी माझं नातं संपलं असं लिहिलंय, तुमच्याशी संपलं असं कुठेही नाही. पण तीन वर्षं तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणजे कोर्टापेक्षा तुमचा निकाल कडक आहे असं धरून "मॅडम"वर थांबते. प्रयोगशाळेत मी तुम्हाला तेच म्हणायचे, आणि आजचं पत्र प्रयोगशाळेतलंच आहे.

तुम्ही लोकांना सांगता म्हणे, की मी एकाच महिन्यात तुमचा मुलगाही सोडला आणि तुमचा सिद्धांतही. मुलाचं तुम्ही त्यालाच विचारा. तो सलग दोन वाक्यं बोललाच तर मलाही कळवा, मी संसारात असताना कधी ऐकली नाहीत. सिद्धांताचं मात्र खरं आहे. त्या परिषदेत मी भर सभेत उभी राहून तुम्हाला विचारलं, की थंड केलेल्या माणसाच्या रक्ताचा पीएचचा आकडा आपण मारूनमुटकून सात पॉइंट चारवर का आणतो? तुम्ही माइक बंद केलात आणि खाली बसलात. तेव्हापासून आपला अबोला.

तो अबोला आज मी खुंटीला टांगून ठेवतेय, कारण मॅडम, सापडलं! सकाळपासून मी खुर्चीत बसूच शकत नाहीये. उभ्याने लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये माणूस थंड करतात, म्हणजे मेंदूची भूक मरते आणि रक्त कमी मिळालं तरी तो तग धरतो. इथवर आपलं भांडण नाही. पण रक्त थंड झालं की त्यातलं आम्ल आपोआप कमी झाल्यासारखं दिसतं, पीएचचा आकडा वर सरकतो. तुमचा नियम, जो आमच्या हॉस्पिटलात अजूनही देवाज्ञेसारखा पाळतात, तो असा: थोडा कार्बन डायऑक्साइड सोडा, आकडा खेचून सात पॉइंट चारवर आणा. "आकडा सांभाळा, मेंदू आपोआप सांभाळला जाईल." माझं म्हणणं, सरकतोय तर सरकू द्या. थंड डबक्यातला बेडूक कुठे आकडा खेचत बसतो? त्याचं रक्त गारठ्यात सरकतं आणि त्याचा मेंदू मजेत असतो. मी तुमच्याकडे विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा पहिला अख्खा हिवाळा तुम्हीच मला बेडकांच्या टाकीजवळ बसवलं होतं, आणि "बेडकी" हे नावही तुमचंच. लग्नाच्या पत्रिकेवर तेच छापा म्हणाला होतात.

आता ऐका. मेंदूकडे जाणारं रक्त आणि मानेच्या शिरेतून परत येणारं रक्त, दोन्हींतला ऑक्सिजन मी मोजला. जाताना किती होता, येताना किती उरला, म्हणजे मेंदूने किती खाल्लं ते कळतं. तुमच्या पद्धतीत तो गॅस मेंदूच्या रक्तवाहिन्या सताड उघडतो. भूक मूठभर आणि ताटात डोंगर! आणि त्या लोंढ्याबरोबर ऑपरेशनच्या वेळी रक्त फिरवणाऱ्या पंपातले बारीक बुडबुडे, बारीक कचरा, सगळंच डोक्यात. माझ्या पद्धतीत जेवढी भूक तेवढंच रक्त. आलेखावर ठिपक्यांचे दोन पुंजके असे पडलेत की मधून बस जाईल.

आकडे मागच्या पानावर लिहिलेत. वाचा आणि एकदा तरी शिव्या घालायला फोन करा.

तुमची एके काळची, बेडकी


२१ फेब्रुवारी, खोलीचं तापमान चोवीस

मॅडम,

वर तापमान लिहिलंय, बघितलंत का?

तुमचे चिरंजीव खालच्या मजल्यावर लिफ्टच्या दारात उभे होते. हातात पाकीट. "आईने दिलंय," म्हणाले. मी विचारलं, बरी आहे का? लिफ्टचा दिवेवाला फलक बघत म्हणाले, "तिसऱ्या मजल्याचं बटण ढिलं झालंय." आणि गेले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की वर जाण्याची खात्री असते, असं तुम्हीच मला म्हणाला होतात ना?

पाकिटात माझंच पत्र. एकही शब्द नाही तुमचा, कुशल नाही, शिवी नाही. फक्त आकड्यांच्या पानावर आडवं, त्या हिरव्या पेनाने: "कोणत्या तापमानाला?"

आधी माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, बाईंना तीन वर्षांनी पत्र लिहावं, जीव ओतून लिहावं, आणि बाई गृहपाठ तपासून परत पाठवणार! तणतणत खाली गेले, तणतणत वर आले. मग चहा घेता घेता माझ्या डोळ्यांसमोर रक्त तपासायचं ते यंत्र आलं आणि मी कप तसाच खाली ठेवला.

यंत्र प्रत्येक थेंब आधी सदतीस अंशांवर गरम करून घेतं आणि मग मोजतं. माणूस वीसवर असो की तिसावर, यंत्राला घेणंदेणं नाही. बाजूला एक बटण आहे, ते दाबलं तर ते माणसाच्या थंड अंगाच्या हिशेबाने आकडा बदलून देतं. आता तुमच्या पद्धतीने काम करणारी मंडळी ते बटण दाबतात, कारण त्यांना थंड आकडाच सांभाळायचा असतो. माझ्या पद्धतीची मंडळी दाबत नाहीत. म्हणजे एका पुंजक्याचे आकडे थंड, दुसऱ्याचे गरम, आणि मी अडाण्यासारखी दोन्ही एकाच आलेखावर टाकून नाचत होते! ऑक्सिजनच्या आकड्यांचंही तेच. ती बस जाण्याएवढी फट निम्मी त्या बटणाची होती. बाहेरचा कुणीही ही चूक करणार नाही हो. ती करायला या कामात मुरावं लागतं.

गेला पंधरवडा मी सगळं नव्याने केलं. प्रत्येक आकडा मुळापासून, तापमानासकट. रोज वाटायचं, आज सगळं पाण्यात जाणार. आणि मॅडम, नाही गेलं! फट उरली. आता मधून बस नाही जाणार, सायकल जाईल. पण खरी सायकल जाईल! मला बसपेक्षा या सायकलचाच आनंद जास्त झालाय. पंपवाल्याला मिठीच मारणार होते (आमच्या हार्ट-लंग मशीनवरचा, त्याला सगळे पंपवालाच म्हणतात), तो घाबरून मशीनमागे गेला.

आता थोडा आगाऊपणा करते. "कोणत्या तापमानाला?" हा प्रश्न तुम्ही मला शिकवलात. वर्गात शिकवलात, बेडकांच्या टाकीजवळ शिकवलात, एकदा तर भर जेवणात, मी सूप गरम आहे म्हटलं तेव्हा. तापमानाशिवाय आकडा म्हणजे पत्त्याशिवाय पत्र. मग सगळ्या तापमानांना तोच एक सात पॉइंट चार कसा काय चालेल? हा प्रश्न तुम्ही जगाला विचारलात, फक्त स्वतःला विचारायचा राहिला.

बेडकी


९ मार्च, खोलीचं तापमान पंचवीस

मॅडम,

पत्र परत मिळालं. "फक्त स्वतःला विचारायचा राहिला" या वाक्यासमोर हिरव्यात "उद्धट". मान्य. आकड्यांवर मात्र एकही खूण नाही. मी पान उजेडात धरून, तिरपं करून पाहिलं. काही नाही! माझ्या आयुष्यात तुमच्याकडून कोरं परत आलेलं हे पहिलं पान आहे. "बरोबर" अशी खूण तुम्ही कुणालाच देत नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्या प्रबंधालाही दिली नव्हती, नुसतं "पुढे" लिहिलं होतंत. तरी मी दिवसभर हवेत होते.

संध्याकाळी चिरंजीवांनी जमिनीवर आणलं.

सकाळी पाकीट देऊन गेले होते, संध्याकाळी परत आले. लिफ्ट तीनदा आली, तीनदा रिकामी सोडली. मग म्हणाले, "आईचं ऑपरेशन आहे. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगलीय. इथेच करणार. थंड करून." सलग चार वाक्यं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की गोष्ट गंभीर आहे. मी तडक भूलवाल्या बाईंकडे गेले (आमच्या भूलतज्ज्ञ, तुमच्याच विद्यार्थिनी).

भूलवाल्या बाईंकडून बाकीचं कळलं. महिनाभर तुम्हाला हे माहीत होतं! पहिलं पत्र तपासलंत तेव्हाही माहीत होतं! वीस अंशांपर्यंत थंड करणार, मग थोडा वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवणार, आणि तुम्ही तिकडे हिरवं पेन घेऊन माझा आलेख तपासताय. मला तुमचा राग आला, रडू आलं, आणि लगेच जाऊन तुमच्या दाराची घंटा वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, कारण तुम्ही दार उघडलं नसतं तर मला ते सोसलं नसतं.

त्याच बाई मला म्हणाल्या, "नियम मॅडमचा, मेंदूही मॅडमचा. कोणती पद्धत वापरायची ते त्यांनीच सांगावं." त्या तुम्हाला विचारायला येणार आहेत.

म्हणून हे पत्र. महिनाभर मी ओरडून सांगतेय की माझी पद्धत बरी, आणि आज माझी पाचावर धारण बसलीय. ते सगळे ठिपके होते हो. प्रत्येक ठिपक्याला घरदार होतं, मला ठाऊक होतं, पण मी त्यांच्या घरी जेवले नव्हते. हा मेंदू मला माहितीचा आहे. यात माझ्या प्रबंधातल्या सगळ्या चुका पानांसकट पाठ आहेत. यात कुणाचा वाढदिवस कधी राहत नाही, आणि प्रत्येक बेडकाचं वजन राहतं. या मेंदूला माझ्या सायकलएवढ्या फटीतून पाठवायचं, या कल्पनेने माझे हातपाय गार पडतात.

तेव्हा मॅडम, माझं मन राखायला माझी पद्धत निवडू नका, आणि मला धडा शिकवायला तुमची निवडू नका. सगळे आकडे सोबत पाठवतेय, ज्यांचं नीट झालं नाही त्यांचेही. तापमानासकट. ते बघा आणि ठरवा. तुम्ही तुमची पद्धत निवडलीत तर मी हूं की चूं करणार नाही. फक्त नीट परत या. भांडायला मला दुसरं कुणी नाही.

बेडकी


१६ मार्च, खोलीचं तापमान तेवीस

मॅडम,

हे पत्र तुम्हाला उद्याच्या ऑपरेशननंतर मिळेल, तरी लिहितेय, कारण पोटात मावत नाहीये.

भूलवाल्या बाई दुपारी आल्या, ॲप्रनच्या खिशात दोन्ही हात, चेहरा मख्ख. म्हणाल्या, "मॅडमचा निरोप आहे. तू शब्दाला शब्द ऐक. 'बेडकीची पद्धत. एकच अट. रक्ताच्या यंत्राशी ती स्वतः बसेल. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही, तिच्यावर अर्धा आहे.'"

अर्धा! मॅडम, मी पंपवाल्याच्या खोलीपर्यंत धावत गेले. अर्धा विश्वास म्हणून कॉरिडॉरमध्ये ओरडले. त्याला वाटलं कुणाचा तरी रिपोर्ट अर्धा आलाय. आणि मग लक्षात आलं, आता सगळे आकडे माझ्यासमोर येणार आणि बोलायचं मी.

यंत्र आजच दोनदा तपासलं. त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकलीय.

बेडकी


२४ मार्च, खोलीचं तापमान चोवीस, तुमच्या खोलीचं बावीस (नर्सला विचारलं)

मॅडम,

चिरंजीव सांगतात, तुम्हाला ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून पुढचं काहीच आठवत नाही, आणि मी काही सांगायला गेले तर तुम्ही म्हणता की पोरगी तिखटमीठ लावते. तर घ्या, लेखी देते. साक्षीला भूलवाल्या बाई, पंपवाला आणि तुमचे चिरंजीव.

तुम्हाला थंड करायला घेतलं. तीस, अठ्ठावीस, चोवीस. मी यंत्राशी. तिथून तुमचे फक्त पाय दिसत होते, हिरव्या कापडाबाहेर आलेले. ते पाय मी ओळखले, डावा अंगठा वाकडा आहे. मग ठरवलं, की आता पायांकडे बघायचं नाही.

वीसला आलात आणि पंपवाला ओरडला, "पीएच सात पॉइंट सहा पाच! गॅस सोडू?" त्याच्या पडद्यावर थंड आकडा दिसत होता. मी बटणाला चिकटपट्टी लावली, पण त्याच्या मशीनला वेगळा पडदा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आणि मॅडम, खरं सांगते, माझ्या तोंडून "सोड" निघालंच होतं. किती वर्षं तुम्ही माझ्या मागे उभ्या राहून शिकवलंत, आकडा वर गेला की खाली आण. हाडांत भिनलंय ते. शिवाय समोर तुम्ही, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. काहीतरी करावं, काहीही, असं हाताला वाटत होतं.

मी माझ्या यंत्राकडे पाहिलं. सदतीसला मोजलेला आकडा, सात पॉइंट चार, म्हणजे बिघाड काही नाही, फक्त थंडीने सरकलंय. डबक्यातला बेडूक म्हणतो तसाच. मी म्हटलं, "सोडू नकोस." तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की. हात मागे घे." आणि काहीच केलं नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. मग सर्जनने रक्त थांबवलं, वाहिनी शिवली, रक्त सुरू केलं, आणि तुम्ही हळूहळू गरम व्हायला लागलात. भूलवाल्या बाईंनी मास्कमधून माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकले.

पण तुम्ही उठेनात.

दुसऱ्या दिवशी नळी काढली, श्वास तुमचा तुम्ही घेत होतात. भूल उतरायची वेळ होऊन गेली. बाईंनी हाका मारल्या, खांदा हलवला, पापण्यांवर टॉर्च टाकला. नाही. "थोडं थांबू," त्या म्हणाल्या, पण आवाज जरा घसरला होता. मला दिसत होती ती फक्त माझ्या आलेखातली फट. वाटलं, संपलं. मी माझ्या हौसेपायी या बाईंचा मेंदू घालवला.

तेवढ्यात दाराशी उभे असलेले चिरंजीव म्हणाले, "तिला उठवायचंय ना? काहीतरी चुकीचं बोला."

बाईंना वाटलं, हा धक्क्याने बरळतोय. पण मी तुमच्या घरात राहिलेय. मी तुमच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हटलं, "मॅडम, ऑपरेशन छान झालं. पीएच सात पॉइंट चार होतं."

तुमची भुवई हलली. आधी उजवी, मग दोन्ही, ती तुमची ठरलेली आठी. डोळे मिटलेलेच. घशातून खरखर आली आणि मग शब्द, अगदी स्वच्छ:

"कोणत्या तापमानाला?"

पंपवाला "अरे वा!" म्हणून ओरडला आणि नर्सने त्याला बाहेर घालवलं. भूलवाल्या बाई खुर्चीवर बसल्या आणि हसत हसत डोळे पुसायला लागल्या. मी म्हटलं, "सदतीसला मोजलेलं, मॅडम. तुम्ही वीसवर होतात. वीसला सात पॉइंट सहा पाच. गॅस सोडला नाही."

तुम्ही विचार केलात. खरंच केलात, आम्हाला दिसत होतं. मनातल्या मनात हिशेब मांडलात, तपासलात, आणि म्हणालात:

"मग बरोबर आहे."

आणि झोपलात.

मॅडम, इतक्या वर्षांत हे दोन शब्द मी तुमच्या तोंडून कुणासाठीही ऐकले नव्हते. बरोबर आहे! मी जिन्यावर जाऊन ढसाढसा रडले. चिरंजीव आले, शेजारी बसले, म्हणाले, "लिफ्ट चालू आहे." एवढंच. पण बसून राहिले.

तुम्हाला आठवत नाही म्हणता, ठीक आहे. जे आठवत नाही ते खोडताही येत नाही. हिरवं पेन उशाशी असेल तर ते आजच्या दिवस राहू द्या.

बेडकी


२ एप्रिल, खोलीचं तापमान सव्वीस

आई,

पत्र परत मिळालं. सगळं मिळून एकच दुरुस्ती होती, पहिल्याच शब्दाला. ती वर केली आहे.

आणि "मग बरोबर आहे" या ओळीसमोर हिरव्या पेनाने काढलेली ती बरोबरची खूण! हात अजून थरथरतो तुमचा, खूण जरा लांबलीय. मी ती बोटाने दोनदा गिरवली. चिरंजीवांना दाखवली, तर म्हणाले, "मला तर म्हणाली होती, काही आठवत नाही." मी म्हटलं, तुझ्या आईला सगळं आठवतं. ती पहिल्यापासून अशीच लबाड आहे.

रविवारी येते. तुमच्या नियमाचं पुढे काय करायचं, हॉस्पिटलला काय कळवायचं, सगळं बसून ठरवू. भांडण होईल, तयारीत राहा. थर्मामीटर मी आणते.

बेडकी